कामावर परतल्यावर पंप: ठाणे-नवी मुंबईतल्या आयांनो, तुम्ही कसं जमवलंत?

कासारवडवलीकर:
नमस्कार. बाळ जेमतेम साडेपाच महिन्यांचं होतंय आणि माझी रजा संपतेय. (रक्तदाब वाढल्यामुळे २६ आठवड्यांतले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले.) घर कासारवडवलीला, ऑफिस महापे एमआयडीसीत. म्हणजे घोडबंदर रोडने बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली, पुढे शेअर रिक्षा. सगळं वेळेवर मिळालं तरी घराबाहेर अकरा तास जाणार.

बाळ आत्तापर्यंत फक्त अंगावर पितंय, वरचं काही दिलेलं नाही. सहा महिने होईपर्यंत तसंच ठेवायचं आणि नंतरही दूध चालू ठेवायचं अशी मनापासून इच्छा आहे. सासूबाई बाळाकडे बघणार आहेत, त्यांची पूर्ण तयारी आहे. पंप आणून ठेवलाय, पण काल पहिल्यांदा लावला तेव्हा तळाला जेमतेम घोटभर दूध आलं आणि धीरच सुटला. ऑफिसात किती वेळा काढायचं, कुठे बसायचं, या उकाड्यात दूध घरापर्यंत टिकतं का, आणि बाटली तोंडात धरायलाच तयार नसलेल्या बाळाला सासूबाईंनी कसं पाजायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ऐरोलीची_आई:
पहिल्यांदा घोटभर येणं अगदी नॉर्मल. बाळ अंगावर पीत असताना मधूनच पंप लावला तर जे उरलंय तेवढंच येणार. पंपात किती आलं यावरून तुम्हाला दूध किती आहे हे ठरत नाही, बाळ पंपापेक्षा कितीतरी चांगलं ओढतं.

रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सराव सुरू करा. सकाळची पहिली वेळ सगळ्यात चांगली, रात्रीतून दूध भरलेलं असतं. बाळाला एका बाजूला पाजा आणि दुसऱ्या बाजूला पंप लावा, बाळाच्या ओढण्याने पान्हा फुटतो तो दोन्हीकडे. फ्रीझर भरायच्या मागे लागू नका. खरं गणित रोजचं असतं: आज ऑफिसात काढलेलं उद्या बाळ पिणार, शुक्रवारचं सोमवारी. पहिल्या दिवसाचं दूध आणि अडीअडचणीला दोन-तीन पिशव्या एवढा साठा पुरतो.

ऑफिसात दर तीन तासांनी. माझ्या वेळा साडेदहा, दीड आणि साडेचार, दोन्हीकडे एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप, पंधरा-वीस मिनिटं. कॅलेंडरमध्ये या वेळा रुजू व्हायच्या आधीच ब्लॉक करून टाकल्या होत्या. मीटिंग आली तर पाच मिनिटं कमी करा, पण खेप बुडवू नका. दूध साठून राहिलं की शरीर बनवणंच कमी करतं.

आणि फ्लँजचं (छातीला लावायच्या कीपेचं) माप बघा! हे कोणी सांगत नाही. पंपाबरोबर बहुतेक २४ मिमीची कीप येते, ती सगळ्यांना बसत नाही. मला २१ची लागली. दुखत असेल, बोंडाभोवतीचा बराच काळा भाग आत ओढला जात असेल किंवा बोंड कडेला घासत असेल तर माप चुकलंय. पंप दुखता कामा नये.

तळ्याकाठी:
ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर डब्यावर ठळक नाव लिहा. आमच्याकडे एकीची बाटली बघून एका भल्या माणसाने अख्ख्या मजल्याला विचारलं होतं, "ताक कोणाचं आहे, घेऊ का?" हलके घ्या :)

ऐरोलीची_आई:
@तळ्याकाठी, हाहा, म्हणूनच न दिसणारा स्टीलचा डबा, त्याच्या आत बाटल्या. डब्यावर नाव आणि तारीख.

निवृत्त_सिस्टर:
मी महापालिकेच्या रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली. टिकण्याच्या वेळा नीट लिहून ठेव बाळा, कारण प्रत्येक जण वेगळं सांगतं.

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली ३० च्या वरच असते, तेव्हा चार तासांवर विसंबू नकोस, काढलं की लगेच थंड कर. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत, आतल्या बाजूला, दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड बॅगेत २४ तास. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून वितळवलं तर पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. जीव तुटतो टाकताना, पण टाकायचं.

पिशवी काठोकाठ भरू नकोस, गोठताना दूध फुगतं. साठ ते शंभर मिलीच्या छोट्या पिशव्या कर म्हणजे वाया जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, दूध कुठे गरम कुठे गार राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं. वाटीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात बाटली उभी ठेवायची. साय वर आलेली दिसेल, ती हलक्या हाताने फिरवून मिसळायची.

जुनी_ठाणेकर:
आमच्या वेळी पंप कोणी पाहिलाही नव्हता. मी नौपाड्यात बँकेत होते. रजा मोजून १२ आठवडे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सासूबाई बाळाला घेऊन यायच्या, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमागच्या रेकॉर्डरूममध्ये बसून पाजायचे. संध्याकाळी साडी ओली होऊ नये म्हणून आत घड्या घातलेले पंचे. हे सगळं यंत्र, पिशव्या, बर्फ वाचून दडपण येतं. हाताने काढता येत नाही का? आमच्या आईने मला हाताने काढायलाच शिकवलं होतं.

घणसोली_लोकल:
काकू, तुमची बँक घरापासून चालत होती. महाप्यात दुपारी बाळ घेऊन कोण येणार? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बाळ आणि आजी दोघी अडकतील.

निवृत्त_सिस्टर:
@घणसोली_लोकल, काकूंचा मुद्दा सोडून देऊ नका. हाताने काढणं प्रत्येक आईला यायलाच हवं. पंप बिघडतो, चार्जिंग संपतं, व्हॉल्व्ह घरी राहतो. तेव्हा हात सोबत असतो.

हात स्वच्छ धुवायचे. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडापासून तीनेक सेंटीमीटर मागे, इंग्रजी सीसारखा आकार. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. पुन्हा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, घासली जाते. बोंड पिळायचं तर मुळीच नाही. पहिली दोन मिनिटं थेंब येतात, मग पान्हा फुटला की धार लागते. पंप संपल्यावर शेवटी दोन मिनिटं हाताने काढलं तरी बरंच जास्त निघतं.

जुनी_ठाणेकर:
सिस्टर, अगदी असंच! अंगठा कुठे धरायचा ते आईने असंच दाखवलं होतं. आणि घणसोली_लोकल, तुझं खरं आहे गं, अंतराचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. सासूबाई होत्या म्हणून निभावलं.

एचआर_मैत्रीण:
कायद्याचं सांगते, मी याच क्षेत्रात आहे. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीच्या वेळेव्यतिरिक्त दोन स्तनपान-विराम मिळायला हवेत आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली (पहिल्या दोन मुलांसाठी) आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली, तिच्यातही या तरतुदी ठेवल्या आहेत.

रुजू व्हायच्या आधी ईमेल करा. तोंडी विचारलं की "बघू" असं उत्तर येतं आणि ते बघणं होतच नाही. ईमेलमध्ये नेमकं मागा: आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, एक प्लग, हात धुवायची जवळ सोय, फ्रिजमध्ये जागा आणि तीन ठरलेल्या वेळा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, "पर्सनल कारण" असं मोघम लिहू नका. "दूध काढण्यासाठी" असंच लिहा.

रबाळे_लॅब:
@एचआर_मैत्रीण, आमच्याकडे एचआरने ऐकवलं की विराम "बाळाला पाजण्यासाठी" आहे, तुमचं बाळ इथे कुठे आहे? काय बोलणार यावर? शेवटी फर्स्ट-एड रूम वापरली. तिथे कोणाचं बोट कापलं की मला मध्येच उठावं लागायचं. आणि मी निदान कायम नोकरीत. पॅकिंगला कंत्राटी बायका आहेत, त्यातली एक बाळंत होऊन दोन महिन्यांत परत आली. ती बाथरूममध्ये पिळून बेसिनमध्ये सोडते. तिला खोली कोण देणार?

एचआर_मैत्रीण:
रबाळे_लॅब, हे वाचून राग आला. कायद्यात पंपिंग हा शब्द नाही हे खरं, आणि काही ठिकाणी त्याचाच आधार घेतात. पण विरामाचा हेतू मुलाला आईचं दूध मिळावं हाच आहे. पाळणाघर दिलं नाही म्हणून बाळ इथे नाही, असं लेखी विचारा. ५० च्या वर माणसं असतील तर या प्रश्नावर बहुतेक बोलणं थांबतं. कंत्राटी बाईंनाही कायद्याचं संरक्षण आहे. तुम्ही खोली मागाल तेव्हा "महिला कर्मचाऱ्यांसाठी" अशी मागा, म्हणजे त्यांनाही वापरता येईल.

रबाळे_लॅब:
हे करते. तिलाही सांगते.

नेरुळचा_बाबा:
बाबा लोकांनीही इथे लिहावं असं वाटतं. बायको बेलापूरला जायची तेव्हा पंपाची धुणीभांडी माझ्याकडे होती आणि खरं सांगतो, निम्मं काम तेच आहे. रोज संध्याकाळी सगळे भाग सुटे करायचे, वेगळ्या पातेल्यात गरम साबणाच्या पाण्याने, वेगळ्या ब्रशने धुवायचे (सिंकमध्ये थेट नाही), मग उकळायचे, स्वच्छ पंच्यावर वाळत घालायचे. व्हॉल्व्ह आणि पातळ पडदा जपून, तो फाटला की ओढच कमी होते. बायको आठवडाभर "दूध आटलं" म्हणून रडवेली झाली होती. व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्या दिवशी पूर्वीइतकं दूध. आता एक जास्तीचा व्हॉल्व्ह बॅगेच्या कप्प्यात कायम.

कासारवडवलीकर, बॅग रात्रीच भरून ठेवा. आणि ती तुम्ही नका भरू, तुमच्या यजमानांना भरू द्या.

घणसोली_लोकल:
नेरुळचा_बाबा यांना अनुमोदन. माझा नवरा हा प्रतिसाद वाचतोय, मी मुद्दाम वाचून दाखवला :)

विटावा_ते_वाशी:
ऑफिसात तिन्ही वेळा धुवत बसलात तर वीस मिनिटांची पस्तीस होतात. मी कीप आणि बाटल्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि घरी येऊन एकदाच धुवायचे.

निवृत्त_सिस्टर:
@विटावा_ते_वाशी, शक्यतो प्रत्येक वेळी धुवावं असंच मी सांगेन. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा आजारी असेल तर फ्रिजची युक्ती अजिबात नको. वेळच नसेल तर कीपांच्या दोन-तीन जोड्या घ्या.

विटावा_ते_वाशी:
मान्य. माझं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. लहान बाळाच्या आईने सिस्टरचं ऐकावं.

आता प्रवासाचं. ठाण्याहून सकाळी ट्रान्स-हार्बर उलट्या दिशेने रिकामी असेल अशी समजूत करून घेऊ नका, नवी मुंबईतल्या ऑफिसांची गर्दी सकाळी ठाण्याहूनच चढते. संध्याकाळी घणसोलीहून लेडीज डब्यात बॅग वर रॅकवर टाकू नका, कोणाच्या बॅगेखाली दाबली तर बाटली गळते. पुढे मांडीवर किंवा पोटाशी. बर्फाचे पॅक सकाळी घरून न्या, ऑफिसच्या फ्रीझरमध्ये दिवसभर ठेवा, निघताना बॅगेत. ठाण्याला उतरून बसच्या रांगेत तासभर गेला तरी दूध गारच राहतं. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या आणि बराच उशीर झाला तरी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत चिंता नाही.

पण दुधाची काळजी मिटली तरी तुमचं काय? सव्वासहाला निघालात आणि साडेआठला पोचलात तर छाती दगड होते. निघायच्या अगदी आधी, पंधरा मिनिटं का होईना, काढूनच निघा.

तळ्याकाठी:
अडकलंच तर एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष असतात. मी खोपट आगारात एकदा शोधला होता. कुठे उघडा असतो, कुठे किल्ली मागावी लागते. किल्ली मागा, लाजू नका. मागणाऱ्या वाढल्या तरच तो उघडा राहील. रात्रीच्या अंधारात रायगडाचा कडा उतरलेल्या आईचं नाव दिलंय त्या खोलीला.

दोन्ही_दूध:
धागा चांगला चाललाय, पण एक बाजू मांडते. मी सगळं केलं. योग्य माप, दर तीन तासांनी पंप, रात्रीचंही. तरी चौथ्या महिन्यात ऑफिसात मिळून पन्नास मिलीच्या वर दूध यायचं नाही. बालरोगतज्ज्ञांशी बोलून दिवसा पावडरचं आणि घरी असताना अंगावरचं असं केलं. मुलगी आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. त्या काळात कोणी फोनवर "अजून पाजतेस ना?" विचारलं की मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. कोणा आईला जमलं नाही तर तिला असं वाटू देऊ नका की तिने काही कमी केलं.

ऐरोलीची_आई:
@दोन्ही_दूध, शंभर टक्के. संध्याकाळी घरी येऊन एकदा पाजलंत तरी ते पाजणंच आहे. बाळाला तुमचं दूध जेवढं मिळालं तेवढं मिळालं, कोणी मोजमाप मागू नये.

जुनी_ठाणेकर:
दोन्ही_दूध, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस गं. माझ्या धाकट्याच्या वेळी माझंही दूध कमी पडलं होतं.

पनवेलची_सून:
दूध वाढायला अळीव! नारळाच्या पाण्यात भिजवून, गूळ-खोबरं घालून लाडू. आणि खसखशीची खीर, बाळंतशेपा, शतावरी कल्प. माझ्या आईने डबा भरून पाठवले होते, ऑफिसात साडेचारच्या पंपानंतर एक लाडू ठरलेला. टीममधल्या मुली "पंपाचा लाडू" म्हणून वाट बघायच्या, त्यांना काही बाळं नव्हती.

घणसोली_लोकल:
लाडवाची कृती द्या ना!

संपादक:
कृती पाककृती विभागात लिहावी आणि दुवा इथे द्यावा, ही विनंती. धाग्याचा विषय पंप आहे.

निवृत्त_सिस्टर:
लाडू जरूर खावा, अळिवात लोह असतं आणि बाळंतिणीला भूक लागते. पण दूध बनतं ते छाती रिकामी होण्याने. लाडू खाऊन खेप बुडवली तर उपयोग नाही. खेप घेऊन लाडू खाल्ला तर उत्तम :)

कासारवडवलीकर:
किती लिहिलंत सगळ्यांनी! मी आणि सासूबाई दोघींनी बसून वाचलं. ईमेल टाकलाय. फ्लँज १९ ची मागवली, खरंच दुखायचं थांबलं. आता अडलंय ते बाटलीवर. मी दिली की तोंड फिरवते, सासूबाईंनी दिली की रडते.

पनवेलची_सून:
बाटलीच का? बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) घ्या! घरोघरी होतं पूर्वी, चांदीचं नाहीतर स्टीलचं. आत्ताही भांड्यांच्या दुकानात मिळतं.

निवृत्त_सिस्टर:
बोंडलं किंवा वाटी-चमचा दोन्ही उत्तम, आणि उकळून स्वच्छ करायला बाटलीपेक्षा सोपं. पाचव्या महिन्यातल्या बाळाला छोटी वाटी थेट ओठाला लावली तरी पितं. बाळ अर्धवट बसलेलं हवं, झोपलेलं नको. दूध तोंडात ओतायचं नाही, खालच्या ओठाला लावायचं, ते स्वतः जिभेने घेतं. पहिले दोन-तीन दिवस अंगावर जास्त सांडेल, सांडू दे.

बाळ फार भुकेलं असताना नवीन काही करू नकोस, अर्धं पोट भरलेलं असताना कर. आणि तू घरात नसताना. तुझा वास आला की ती दुसरं काही घेणारच नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. सासूबाईंना सांग, तुझी घातलेली ओढणी खांद्यावर घ्या.

किती ठेवायचं याचा अंदाज: या वयात तासाला साधारण ३० ते ४५ मिली. अकरा तासांचे ३५० ते ५००. सकाळी निघताना आणि आल्या आल्या पाजलंस तर ३५० च्या आसपास भागतं. सहाव्या महिन्यानंतर मऊ भात, वरणाचं सुरू झालं की ताण आणखी कमी होईल.

नेरुळचा_बाबा:
आमच्याकडे आजोबांनी वाटीने पाजलं. आजी हट्टाला पेटल्यावर बाळही पेटायचं, आजोबा शांत. कोणाच्या हातून घेईल ते सांगता येत नाही, सगळ्यांनी करून बघा.

वाशीची_वैशाख:
मला मदत हवीय. कालपासून एका बाजूला गाठ, लाल झालंय, अंग कसकसतंय. आई म्हणते गरम शेक देऊन जोरात चोळ, गाठ फुटेल. मैत्रीण म्हणते अजून दोनदा जास्त पंप लाव.

निवृत्त_सिस्टर:
जोरात चोळू नकोस. आम्हीही पूर्वी गरम शेक आणि मालिशच सांगायचो, पण आता सल्ला बदललाय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार आतल्या भागाला सूज आलेली असते, जोरात चोळल्याने ती वाढते. रुमालात बर्फ गुंडाळून गार शेक दे. पाजणं नेहमीसारखं चालू ठेव, ते दूध बाळाला चालतं. जास्तीचं पंपिंग नको, त्याने दूध आणखी बनतं आणि सूज वाढते. घट्ट ब्रा काढ. ताप असेल किंवा २४ तासांत उतार पडला नाही तर आजच डॉक्टरांकडे जा, स्तनपान चालू असताना चालणारी प्रतिजैविकं असतात. अंगावर काढू नकोस.

वाशीची_वैशाख:
ताप १०१ आहे. निघतेय.

जुनी_ठाणेकर:
जा बाई, आणि कळव.

वाशीची_वैशाख:
औषध सुरू झालं, दोन दिवसांत उतरलं. पाजणं चालू आहे. सिस्टर, मनापासून आभार. आईलाही हे वाचून दाखवलं, ती म्हणाली आमच्या वेळी चोळून चोळून रडवायच्या.

ऐरोलीची_आई:
धागा वर काढतेय. कासारवडवलीकर, रुजू झालात का? काय झालं पुढे?

कासारवडवलीकर:
झाले! महिना होत आला, लिहायला आज वेळ मिळाला.

खोली मिळाली. ईमेलनंतर आधी उत्तरच नव्हतं, मग मॅनेजर (पुरुष, दोन मुलांचे वडील) स्वतः ॲडमिनकडे गेले. एक लहान मीटिंग रूम, काचेला कागद लावून, आतून कडी. दारावर फक्त "राखीव" असं लिहिलंय. गंमत म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी भेटायला आली, ती इतके दिवस गाडीत बसून काढायची. आता आमच्या दोघींच्या वेळा लावून घेतल्यात.

पहिला आठवडा वाईट गेला. पंपाच्या आवाजानेच अंग आखडायचं. तिचा व्हिडिओ बघत बसले की दोन मिनिटांत पान्हा फुटायचा, एकदा तर व्हिडिओत ती रडली आणि पंप लावायच्या आधीच कुर्ता भिजला. आता तीन खेपांत मिळून तीनशेच्या आसपास येतं. सासूबाई वाटीने पाजतात. बोंडलं आणलं होतं, त्यापेक्षा तिला वाटीच आवडते.

एकच भानगड: गोठवलेल्या पिशवीचं दूध वितळवलं की साबणासारखा वास येतो आणि ती तोंड वाकडं करते. खराब झालंय का?

निवृत्त_सिस्टर:
खराब नाही. दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते साठवलेल्या दुधातली चरबी फोडतं. काही आयांच्या दुधात हा वास लवकर येतो. बाळ पीत असेल तर द्यायला हरकत नाही. पीत नसेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि लगेच गार करून गोठवायचं. आहे त्या पिशव्या ताज्या दुधात मिसळून बघ. गंमत अशी की फ्रिजमधलं दुसऱ्या दिवशी देत असशील तर हा प्रश्न तुला बहुधा येणार नाही.

आणि ज्यांच्याकडे जास्तीचं दूध आहे त्यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या मिल्क बँकेची चौकशी करावी. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली, आशियातली पहिली. दान करणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइज होतं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं. ठाण्याहून शीव लोकलने फार लांब नाही.

रबाळे_लॅब:
आमच्याकडचंही सांगते. लेखी विचारलं. पाळणाघराबद्दल उत्तर अजून नाही, पण दुसऱ्या मजल्यावरची सामानाची खोली रिकामी करून दिली. पॅकिंगची ती बाई आता तिथे येते. तिच्याकडे पंप नाही, सिस्टरनी लिहिलेली हाताची पद्धत मी तिला वाचून दाखवली. ती दूध आता स्टीलच्या डब्यात घरी नेते, बर्फ आमच्या लॅबमधून.

जुनी_ठाणेकर:
वाचून डोळे भरून आले. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

बेलापूर_नवी:
पहिल्यांदाच लिहितेय. वहिनीने तिचा इलेक्ट्रिक पंप देऊ केलाय, जवळजवळ नवा आहे. कीप, नळ्या, व्हॉल्व्ह नवे घेतले तर वापरला तर चालेल ना? नवा फार महाग पडतो.

निवृत्त_सिस्टर:
नको. घरगुती पंप एकाच बाईसाठी बनवलेले असतात. दुधाचे कण मोटरपर्यंत गेलेले असू शकतात आणि ते उकळता येत नाहीत, नुसते बाहेरचे भाग बदलून भागत नाही. मोठे हॉस्पिटल-ग्रेड पंप अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेले असतात, ते भाड्याने मिळतात आणि दुधाला लागणारे भाग तुझे स्वतःचे वेगळे घ्यायचे. तू बाळंत झालीस त्या रुग्णालयात विचार. बाळ केवढं आहे?

बेलापूर_नवी:
दोन महिन्यांचं. रजा अजून बरीच आहे.

निवृत्त_सिस्टर:
मग पंपाची घाई नको. सध्या पोटभर पाज आणि रोज सकाळी दोन मिनिटं हाताने काढायची सवय कर. भाड्याचा पंप रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी आणलास तरी पुरे. फ्लँजचं माप मात्र तेव्हाच घे, आत्ता नको, बदलू शकतं.